हँडलाचे वळण

फिक्स्ड गिअरची सायकल शहरात चालवणाऱ्यांमध्ये हँडल कोणते असावे ही चर्चा बहुधा रूपावरून सुरू होते आणि रूपावरच संपते. खाली वळलेले ड्रॉप, बैलाच्या शिंगांप्रमाणे पुढे आलेले बुलहॉर्न, सरळ दांड्याचे फ्लॅट आणि दोन्ही बाजूंस किंचित उचललेले रायझर. यांतले जे नजरेत भरेल ते घ्यावे, असा एकूण सूर. आम्हांस हा सूर अपुरा वाटतो. या प्रत्येक आकारामागे एखादी शर्यत, एखादा रस्ता किंवा एखादा अपघात आहे आणि निवडणारा तो वारसाही नकळत पत्करत असतो.

आधी यंत्राविषयी दोन शब्द. नेहमीच्या सायकलीत फ्रीव्हील असते. पाय थांबले तरी चाक फिरत राहते. फिक्स्ड गिअरमध्ये ती सवलत नाही. चाक फिरते तोवर पेडल फिरणारच, आणि वेग कमी करायचा तर पायांनी उलटा जोर लावावा लागतो. तो लावताना अंग उचलले जाऊ नये म्हणून स्वार हँडल घट्ट ओढून धरतो. येथे हँडल दिशा तर देतेच, पण थांबण्यातही त्याचा वाटा असतो.

ही रचना अलीकडच्या हौशी मंडळींनी शोधून काढलेली नव्हे. १८७० च्या दशकातील उंच चाकाच्या सायकलीत पेडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असत. स्वार जवळजवळ चाकाच्या माथ्यावर बसे आणि हँडल त्याच्या मांड्यांवरून आडवे जाई. चाकाला दगड आडवा आला की सायकल पुढच्या बाजूस उलटे, पाय हँडलाखाली अडकत आणि गडी डोक्यावर पडे. उतारावर पेडल पायांच्या आटोक्यात राहत नसत, तेव्हा धीट स्वार दोन्ही पाय हँडलावरून पुढे टाकून बसत; पडलोच तर निदान पायांवर पडू, हा त्यातला हिशेब. पुढे १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये 'व्हॉटन' हँडल निघाले. ते पायांच्या मागून वळसा घेऊन हातात येई, त्यामुळे पुढची वाट मोकळी राही. कसे बसावे याआधी कसे पडावे याचा विचार हँडलाच्या आकारात उतरला, हे आम्हांस मोठे विलक्षण वाटते.

१८८५ साली जॉन केंप स्टार्ली यांच्या 'रोव्हर' सायकलीने स्वाराला दोन चाकांच्या मध्ये, जमिनीजवळ आणले आणि ही भीती ओसरली. विसावे शतक उजाडता उजाडता फ्रीव्हील रूढ झाले. रस्त्यावरच्या सायकलीने ते स्वीकारले, व्हेलोड्रोमवरच्या सायकलीने नाकारले. व्हेलोड्रोमवर सगळे एकाच दिशेने धावतात, समोरून कोणी येत नाही, आणि कोणी अचानक थांबूही नये म्हणून ब्रेकच नसतो. तेथे हँडलाकडून मुख्य अपेक्षा एकच, अंग वाऱ्याखाली दडवावे. १८९९ साली माँट्रियल येथे जगज्जेता ठरलेला कृष्णवर्णीय अमेरिकन स्वार मेजर टेलर याने हँडल आणखी पुढे नेणारी जोडणी वापरली. ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

अंग किती दडवावे, यावरून मग एक दीर्घ वाद पेटला. एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याच्या विक्रमात तो स्पष्ट दिसतो. १९७२ साली एडी मर्क्स याने मेक्सिको सिटीत साध्या ड्रॉप हँडलावर ४९.४३१ किलोमीटर कापले. १९८४ साली त्याच शहरात फ्रान्सिस्को मोझर शिंगांच्या हँडलावर ५१ किलोमीटरपलीकडे गेला. १९९३ साली स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री याने घरी बांधलेल्या सायकलीवर हात छातीखाली दुमडून ५१.५९६ किलोमीटर गाठले. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने १९९४ साली त्या बैठकीवरच बंदी घातली, तर पठ्ठ्या पुढच्याच वर्षी हात सरळ पुढे ताणून जगज्जेता झाला! याच ताणलेल्या बैठकीत ख्रिस बोर्डमन याने १९९६ साली ५६.३७५ किलोमीटर नोंदवले. पुढे महासंघाने मर्क्सच्या धर्तीची सायकल सक्तीची केल्यावर, २००० साली, हाच बोर्डमन ४९.४४१ किलोमीटरवर थांबला. मर्क्सहून दहा मीटर पुढे. चाके, शिरस्त्राण, वय यांचा भाग त्यात आहेच. तरीही माणसाने सायकलीवर कसे वाकावे हे कागदावर ठरवू पाहणाऱ्यांची धडपड पाहून आम्हांस वृत्तांच्या मात्रा मोजणाऱ्या पंडितांची आठवण होते.

रस्त्यावर मात्र असा महासंघ नसतो. न्यूयॉर्कमध्ये पत्रे-पाकिटे पोचवणाऱ्या सायकलस्वारांनी व्हेलोड्रोमची सायकल वाहतुकीत आणली. गिअर नाहीत, केबल नाहीत, बिघडायला फारसे काही नाही. रोजंदारीच्या माणसाला हे परवडणारे होते. त्यांच्यापैकीच हार्लेमचा नेल्सन व्हेल्स १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदकापर्यंत पोचला. दोन मोटारींच्या फटीतून निसटता यावे म्हणून या मंडळींनी सरळ हँडलाची टोके करवतीने कापली. त्यांना ती पोटासाठी गरज होती. पुढे अनेक शहरांतील हौशी तरुणांनी तिला फॅशन केले. आम्हांस खटकते ते येथे. हँडल जितके अरुंद तितका हातांना ओढायला आधार कमी, आणि ब्रेक नसलेल्या सायकलीत हाच आधार आणीबाणीला लागतो.

ब्रेक बसवायचा म्हटले तरी हँडल मध्ये येतेच. व्हेलोड्रोमचे ड्रॉप हँडल मधल्या पकडीपासूनच उतरू लागते, लिव्हरला नीट सपाट जागा मिळत नाही. ड्रॉप आणि बुलहॉर्नचा दांडा साधारणतः २३.८ मिलिमीटर जाड, तर फ्लॅट आणि रायझरचा २२.२, एकाची लिव्हर दुसऱ्यावर बसत नाही. बुलहॉर्नच्या टोकांत उलट्या बाजूने बसणारी लिव्हर मिळते, ती उत्तम. गर्दीच्या शहरात आमचे मत मात्र रायझरच्या बाजूचे: मान वर राहते, नजर लांब पोचते, वळताना गुडघा अडत नाही, ब्रेकला जागा असते. २०१६ साली लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच सायकलीची धडक बसून एका पादचारी स्त्रीचा मृत्यू झाला. तेथे पुढचा ब्रेक कायद्यानेच आवश्यक आहे. २०१७ साली न्यायालयाने स्वाराला दोषी ठरवले ते १८६१ च्या, घोडागाड्यांच्या काळातल्या कायद्याखाली.

आपल्याकडे जुनी काळी सायकल फिक्स्ड करून घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तिचे मागे वळलेले हँडल गावंढळ म्हणून प्रथम तेच काढले जाते. पण त्या सायकलीचे ब्रेक केबलचे नसून सळ्यांचे असतात, त्यांच्या मुठी हँडलालाच टांगलेल्या असतात. हँडल गेले की पुढचा ब्रेकही त्याच्याबरोबर जातो.