वहीचा जीर्णोद्धार

श्रीक्षेत्र नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी गीतार्थ मराठीत सांगितला. सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. पुढे नकलांत पाठभेद शिरले. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथ महाराजांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि पदरची ओवी कोणी घालू नये, असे बजावले. ग्रंथाचाच तो जीर्णोद्धार होय.

देवस्थान समितीची इतिवृत्ताची वही गहाळ झाल्यास हीच वाट धरावी. पावतीपुस्तके, बँकेचे पासबुक व धर्मादाय कार्यालयात दिलेल्या ठरावांच्या नकला ताडाव्यात. देणगीची पावती असते, श्रमदानाची नसते. दगड वाहणाऱ्यांची नावे वडीलधाऱ्यांना विचारून, ‘आठवणीवरून’ अशी नोंद करूनच लिहावीत. मजकूर सभेत वाचून कायम करावा. तारीख मात्र त्याच दिवसाची घालावी.