प्रश्नकर्त्यांची परंपरा : अल्-बिरूनी ते पोस्टकार्ड



आलापल्लीहून भामरागडकडे निघालेला प्रवासी भामरागडच्या थोडे अलीकडे हेमलकशाला पोहोचतो. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी त्या अरण्यात संसार थाटला आणि १९७६ साली तेथे शाळा निघाली. तेव्हा हा सारा भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. घरी माडिया बोलणाऱ्या मुलांच्या हाती मराठी पुस्तके आली. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटत असे. असे असूनही त्या शाळेतून पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक घडले, हे आपण सारे जाणतो.

आता एक प्रश्न मनात येतो. अशा दूरच्या गावातील एखाद्या मुलाला, किंवा आपल्या मोहल्ल्यातील एखाद्या मुलीला, पदार्थविज्ञानातील एखादी गोष्ट खटकली, तर तिने ती कोणाला विचारावी? शोधनिबंध लिहिणारे विद्वान कोठे आणि आपण कोठे, असे म्हणून ती गप्प बसेल काय? इतिहास पाहिला तर गप्प बसण्याचे काही कारण दिसत नाही.

सुमारे एक हजार वर्षांपूर्वी ख्वारिझमच्या अल्-बिरूनीने इब्न सीनाला लेखी प्रश्न पाठविले. एकूण प्रश्न अठरा. त्यांपैकी दहा अ‍ॅरिस्टॉटलच्या आकाशविषयक ग्रंथावर होते आणि आठ इतर विषयांवर. त्यांतील एक प्रश्न आजच्या सातवीच्या वर्गातही शोभेल : थंडीने वस्तू आकसतात, तर मग पाण्याने भरलेली बंद बाटली पाणी गोठल्यावर फुटते का? आणि बर्फ पाण्यावर तरंगतो कसा? इब्न सीनाने उत्तरे दिली. बिरूनीचे समाधान झाले नाही, त्याने उलट आक्षेप पाठविले, आणि पुढची उत्तरे इब्न सीनाच्या एका शिष्याने दिली. दोघेही मातब्बर विद्वान, पण प्रश्न विचारण्यात बिरूनीला कमीपणा वाटला नाही. या प्रश्नाला इब्न सीनाने दिलेले उत्तर आज टिकत नाही. गोठताना पाण्याचे रेणू विरळ रचना करतात, त्यामुळे बर्फाचे आकारमान पाण्यापेक्षा सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. उत्तर जुने झाले, प्रश्न मात्र अजून ताजा आहे. हाच बिरूनी पुढे हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला आणि पंडितांना प्रश्न विचारीत राहिला.

दुसरे उदाहरण विसाव्या शतकातील. ढाका विद्यापीठात शिकविणारे तीस वर्षांचे सत्येंद्रनाथ बोस यांनी ४ जून १९२४ रोजी आइन्स्टाइन यांना पत्र लिहिले. सोबत आपला छोटा निबंध जोडला आणि तो प्रसिद्ध करण्यालायक वाटत असल्यास त्याचे जर्मन भाषांतर करावे, कारण आपल्याला तेवढी जर्मन येत नाही, अशी विनंती केली. आइन्स्टाइन यांनी स्वतः भाषांतर करून तो छापून आणला. बोस हे शास्त्रज्ञच होते, पण त्या वेळी युरोपात त्यांना कोण ओळखत होते? त्यांना जगाच्या दरबारात नेणारे साधन एक पत्र होते.

आणि आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरला झाला. केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्यासमवेत त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडला. १९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्रीय संस्थेचे संस्थापक संचालक झाले. व्याख्यान संपले की मुले सहीसाठी वह्या पुढे करीत. ते म्हणत, सही मिळणार नाही, पण पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर मी देईन, त्याखाली माझी सही असेलच. आणि ते उत्तर पाठवीत. जगभरात ज्यांच्या निबंधांची चर्चा होते असा मनुष्य शाळकरी मुलांच्या प्रश्नांना स्वतः उत्तरे लिहितो, याहून मोठा मान त्या मुलांना कोणता मिळणार! २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यांनी सामान्य माणसासाठी मराठीत विज्ञानकथा व लेख लिहिले, हे त्याच वृत्तीचे दुसरे रूप होय.

या पोस्टकार्डात एक मर्म आहे. सही संग्रहात ठेवली जाते. प्रश्नासाठी मात्र आधी विचार करावा लागतो. आणि पोस्टकार्डाला शहर-खेडे कळत नाही. पूर ओसरला की टपाल अरण्यातही पोहोचते.

आज पोस्टकार्डाची गरज उरली नाही. १९९१ पासून ‘आर्काइव्ह’ या विनामूल्य संग्रहात पदार्थविज्ञानाचे निबंध येऊ लागले. २०२२ पर्यंत या संग्रहातील एकूण निबंधांची संख्या वीस लाखांवर गेली. ज्या निबंधासाठी पूर्वी मोठ्या ग्रंथालयाचे दार ठोठवावे लागे, तो आता हातातील फोनवर उघडतो. पण उघडणे वेगळे आणि कळणे वेगळे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरी प्रथम पकडल्या गेल्या. त्या शोधाच्या निबंधावर हजारांहून अधिक लेखकांची नावे आहेत. तशाच लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही प्रयोगशाळा हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. म्हणजे पुढील पिढीतील हे संशोधन मराठवाड्यातील शेतशिवाराशेजारी व्हावयाचे आहे. त्यावर प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या शिवारातील मुलाला नाही तर कोणाला?

विद्यार्थी मित्रहो, विचारण्याची एक शिस्त असते. निबंध हाती आला की प्रथम सारांश वाचा, मग प्रस्तावना, मग शेवटचा निष्कर्ष. समीकरणांनी घाबरून जाऊ नका. ती पुढच्या फेरीसाठी ठेवा. अडले तेथे खूण करा. मग तज्ज्ञाला एकच प्रश्न लिहा : मी अमुक वाचले, येथपर्यंत समजले, येथे अडलो. ‘सर्व काही समजावून सांगा’ असे लिहिणाऱ्याला कोणी काय उत्तर देणार? तसेच ‘मी आइन्स्टाइनला खोटे पाडले’ अशी पत्रे शास्त्रज्ञांना सतत येतात. ती बाजूला पडतात. नम्र आणि नेमका प्रश्न बाजूला पडण्याचा संभव कमी. एका ठिकाणाहून उत्तर नाही आले, तर दुसरीकडे विचारा. आणि उत्तर आले की ते तपासून पाहा, कारण बिरूनीनेही तेच केले.

पालकहो, आपल्याकडे एक मोठी अडचण आहे. मूल ‘असे का?’ म्हणाले की आपण ‘गप्प बैस, अभ्यास कर’ म्हणतो. वास्तविक ‘असे का?’ हाच अभ्यासाचा आरंभ आहे. आपल्यापैकी अनेकांना त्याचे उत्तर येत नसेल. त्यात लाज कसली? ‘मला ठाऊक नाही, चल, ज्याला ठाऊक आहे त्याला विचारू’ एवढे आई किंवा वडिलांनी म्हटले तरी पुरे. घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि निबंधात तिसरी, ही अडचण हेमलकशाच्या मुलांनाही होती. ती मुले थांबली नाहीत. मग आपल्या मुली-मुलांनी का थांबावे?

संस्था इमारत देते, शिक्षक धडा देतात, परीक्षा गुण देते. प्रश्न मात्र ज्याचा त्याने आणावयाचा असतो. येत्या वर्षी आपल्या प्रत्येक घरातून किमान एक प्रश्न बाहेर पडो, आणि तो योग्य माणसापर्यंत पोहोचो, हीच सदिच्छा.