एका बापाचा हिशेब

देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. मुलाला देवी टोचाव्यात की नाही, हा प्रश्न आता कोणत्याच आईबापांपुढे उरलेला नाही. अठराव्या शतकात मात्र तो फार अवघड होता. कारण जेनरची गायीची लस १७९६ ची. त्यापूर्वी देवीच्या फोडांतला पूच निरोगी माणसाच्या कातडीत घालीत. बहुधा सौम्य देवी येऊन जन्माची निर्धास्ती होई. क्वचित मृत्यूही येई.

अमेरिकेतील बोस्टन शहरी १७२१ साली साथ आली, तेव्हा कॉटन मेदर या धर्मोपदेशकाने ही रीत पुढे आणली. ती त्याला सांगितली होती त्याच्या ओनेसिमस या आफ्रिकी गुलामाने! बॉइल्स्टन या वैद्याने ती प्रथम स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलावर योजली. गाव खवळले. मेदरच्या घरात पेटता बॉम्ब फेकण्यात आला. सुदैवाने तो फुटला नाही. जेम्स फ्रँकलिनच्या वृत्तपत्राने या रीतीवर टीकेची झोड उठवली. त्याच्या छापखान्यात तेव्हा त्याचा धाकटा भाऊ बेंजामिन उमेदवारी करीत होता.

साथ ओसरल्यावर आकडे हाती आले. सुमारे सहा हजार रोग्यांपैकी आठशेंहून अधिक दगावले. टोचलेल्या अडीचशेंपैकी सहा. पण त्या सहांत आपलेच मूल असले तर? साथीने नेले तर दैवाला बोल लावता येई. टोचून गेले तर हात आपला.

पुढे बेंजामिन फिलाडेल्फियात या रीतीचा पुरस्कर्ता झाला. १७३६ साली त्याच्या चार वर्षांच्या फ्रान्सिसला टोचायचे ठरले होते, परंतु मुलाला अतिसार झाला. बरा होऊ दे, म्हणून थांबले. इतक्यात देवी आल्या आणि नोव्हेंबरात मूल गेले. टोचल्यानेच गेले, अशी आवई उठली. इतर आईबाप बिचकतील म्हणून फ्रँकलिनने पुढच्याच महिन्यात आपल्या वृत्तपत्रात खुलासा छापला: मुलाला टोचलेच नव्हते, अतिसारामुळे थांबावे लागले होते.

माझ्या मते त्या थांबण्यात दोष नव्हता. आजारी मुलाला टोचायला कोणता बाप धजेल? पण उतारवयात आत्मचरित्र लिहिताना त्याने ही सबब घेतली नाही. न टोचल्याचा पश्चात्ताप अजून जाळतो, दुःख दोन्हीकडे सारखेच असू शकते, तेव्हा कमी धोक्याची वाट धरावी, असे त्याने आईबापांना सांगितले. अतिसाराचा तेथे उल्लेखही नाही.