बुजऱ्या मोहनदासाचें घर

राजकोटच्या शाळेची सुटीची घंटा झाली कीं एक मुलगा दप्तर उचलून धांवतच घर गांठीत असे. खेळावयास थांबणें नाहीं, सोबत्यांशीं दोन शब्द बोलणें नाहीं. शाळा भरण्याच्या वेळेला हजर व्हावें आणि सुटतांच पळावें, हा त्याचा नित्यक्रम. कोणी आपल्याशीं बोलूं लागेल, आपली थट्टा करील, ही धास्ती त्याच्या पायांना गति देई. हा मुलगा म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. त्याचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजीं पोरबंदरास झाला, आणि वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास तो राजकोटास आला. ही हकीगत पुढें त्यांनीं स्वतःच आत्मकथेंत सांगितली. ती १९२५ पासून १९२९ पर्यंत 'नवजीवन' साप्ताहिकांत गुजराथींत क्रमशः छापली गेली.

चार माणसांच्या नजरेची अशी धास्ती ज्या मुलांना वाटते, त्यांच्या या व्यथेला आजच्या मानसवैद्यांपाशीं नांव आहे आणि उपचारहि आहेत. परंतु दीडशें वर्षांपूर्वींच्या मुलाला तें नांव चिकटविण्याचा मला अधिकार नाहीं. मला विचारावयाचें आहे तें इतकेंच कीं, अशा मुलाशीं त्याच्या भोंवतालचीं वडील माणसें कशीं वागलीं?

प्रथम आठवते ती घरची दाई रंभा. मोहनदासाला माणसांप्रमाणेंच भुतांचें, चोरांचें व सापांचेंहि भय वाटे. उशापाशीं दिवा असल्याशिवाय झोंप येत नसे. भुतें नसतातच, उगाच भितोस काय, असा वाद रंभेनें घातला नाहीं. भय वाटेल तेव्हां रामनाम घे, एवढेंच तिनें सांगितलें. तेवढ्यानें भय पळालें असें मात्र समजूं नये. तेराव्या वर्षीं लग्न झालें तरी दिवा हवाच होता, आणि कस्तुरबांना अंधाराचें कांहींच वाटत नसे याची त्या नवरदेवाला मनांतून लाज वाटे!

वडील करमचंद, ऊर्फ कबा गांधी, हे सत्यप्रिय व उदार, पण स्वभावानें तापट. अशा बापापुढें बुजऱ्या मुलाला एके दिवशीं मोठाच कबुलीजबाब द्यावयाचा होता. भावाच्या अंगावर पंचवीस रुपयांचें कर्ज झालें होतें. तें फेडण्यासाठीं भावाच्याच सोन्याच्या कड्यांतला तुकडा मोहनदासानें कापून घेतला. त्या वेळीं त्याचें वय पंधरा होतें. कर्ज फिटलें, पण मन टोंचूं लागलें. वडिलांसमोर तोंड उघडण्याचें धैर्य कांहीं होईना. ते मारतील ही भीति नव्हती. आपल्यामुळें त्यांच्या जीवाला किती यातना होतील, ही भीति होती. शेवटीं त्यानें सर्व चिठ्ठीवर लिहिलें, शिक्षा मागितली आणि ती चिठ्ठी वडिलांच्या हातीं दिली. करमचंद त्या वेळीं भगंदरानें आजारी होऊन लांकडी बाजेवर पडून होते. ते उठून बसले. चिठ्ठी वाचतांना त्यांचे अश्रु ओघळून कागद भिजला. क्षणभर त्यांनीं डोळे मिटले, मग चिठ्ठी फाडून टाकली आणि पुन्हां आडवे झाले. तोंडानें सांगावयाचें सोडून चिठ्ठी कसली लिहितोस, असें तो तापट पुरुष म्हणाला नाहीं. मुलाला ज्या रीतीनें बोलतां आलें, त्याच रीतीनें त्यांनीं तें ऐकून घेतलें. याला मी बापाची विद्वत्ता समजतों.

आतां शाळेचें पाहूं. मुख्याध्यापक दोराबजी एदलजी गिमी हे शिस्तीचे, उत्तम शिकविणारे आणि विद्यार्थ्यांना प्रिय असलेले गृहस्थ. त्यांनीं वरच्या वर्गांना कसरत व क्रिकेट सक्तीचें केलें. मोहनदासाला दोन्हीहि नकोसें. एक तर स्वभाव बुजरा, आणि दुसरें म्हणजे सुटीनंतर घरीं जाऊन वडिलांची शुश्रूषा करावयाची. एका शनिवारीं शाळा सकाळची होती व कसरतीसाठीं चार वाजतां परत जावयाचें होतें. जवळ घड्याळ नाहीं, आभाळ आलेलें, वेळ चुकली. तो पोंचला तेव्हां सर्व मुलें निघून गेलीं होतीं. मग झाडा घेण्यांत आला. त्यानें घडलें तें सांगितलें, मुख्याध्यापकांचा विश्वास बसला नाहीं, आणि आणा-दोन आणे दंड झाला. दंडाचें दुःख नव्हतें. आपण खोटें ठरलों, याचें दुःख होतें. तो फार रडला. पुढें वडिलांनीं मुख्याध्यापकांस पत्र लिहून कसरतींतून सूट मिळविली. परंतु सुमारें चाळीस वर्षांनीं आत्मकथा लिहितांनाहि तो सल निघालेला नव्हता. कसरत टाळली ही मात्र आपलीच चूक होती, असेंहि त्यांनीं त्याच जागीं मोकळेपणानें लिहून ठेविलें आहे.

हा प्रसंग वाचतांना माझ्या पोटांत कालवतें. मीं पुष्कळ वर्षें मास्तरकी केली. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. कविता म्हणावयास उभा केला कीं त्याला घाम फुटे व ओठ हलत, पण शब्द येत नसे. तो हट्टानें गप्प राहतो अशी माझी पक्की समजूत झाली, आणि मीं त्याला तासभर उभा ठेविला. त्यानंतर कवितापाठाचा वार असला म्हणजे त्याची जागा रिकामी असे. वहींत लिहून दाखव, असें मीं त्याला एकदांहि म्हटलें नाहीं.

मोहनदास मोठा झाला म्हणून त्याचें बुजरेपण मागें राहिलें नाहीं. १८८८ ते १८९१ या काळांत विलायतेंत असतांना ते शाकाहारी मंडळाच्या कार्यकारी समितींत होते. पण सभेंत बसत ते मुकेच. एका सभासदाला काढून टाकण्याचा प्रश्न निघाला, तेव्हां आपलें विरुद्ध मत त्यांनीं कागदावर मांडलें आणि वाचलें दुसऱ्यानें! परत निघण्यापूर्वीं, जून १८९१ मध्यें, त्यांनीं मित्रांना मेजवानी दिली. त्या वेळीं पहिल्या वाक्याशींच आपण अडलों व फजिती झाली, असें ते आत्मकथेंत लिहितात. गंमत अशी कीं, त्याच आठवड्याच्या 'व्हेजिटेरियन' पत्रांत या समारंभाचा वृत्तांत आहे, आणि त्यांत त्यांचें भाषण सुरेख झालें, किंचित् घाबरल्यासारखे वाटले इतकेंच, असा अभिप्राय आहे. आतां खरें कोणाचें मानावें? मला वाटतें, दोघांचेंहि खरें. भिणाऱ्या माणसाच्या कानांत स्वतःच्याच छातीची धडधड एवढी भरलेली असते कीं लोकांना काय ऐकूं गेलें, हें त्याला कळतच नाहीं.

मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टांत ममीबाईच्या दाव्यांत पहिल्यानें उभे राहिले, तों डोकें गरगरूं लागलें, एकहि प्रश्न सुचेना. खालीं बसले आणि तीस रुपये फी परत देऊं केली. पुढें १८९३ सालीं प्रिटोरियास हिंदी व्यापाऱ्यांच्या सभेंत मात्र त्यांचें भाषण चांगलें वठलें. विषय व्यापारांतील सत्याचरणाचा होता आणि त्याची तयारी त्यांनीं करून ठेविली होती.

तेव्हांपासून भय गेलें म्हणावें, तर १८९६ ची मुंबईची सभा आड येते. दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी लोकांचीं गाऱ्हाणीं सांगावयाचीं होतीं. अध्यक्ष सर फिरोजशहा मेहता यांनीं आदल्या दिवशींच बजावून भाषण लिहवून व छापवून घेतलें होतें, हा त्यांचा मोठाच उपकार. गांधीजी थरथरत वाचूं लागले. सर फिरोजशहा मायेनें म्हणत, मोठ्यानें वाचा, आणखी मोठ्यानें! पण तसतसा आवाज अधिकच खोल जाऊं लागला. तेव्हां त्यांचे जुने मित्र केशवराव देशपांडे पुढें आले. गांधीजींनीं कागद त्यांच्या हातीं दिला. केशवरावांचा आवाज खणखणीत होता. परंतु श्रोत्यांनीं 'वाच्छा, वाच्छा' असा एकच गजर केला. मग दिनशा वाच्छा उठले. सभा चिडीचूप झाली, तिनें भाषण अखेरपर्यंत ऐकलें, मधून मधून टाळ्या पडल्या, धिक्काराचे उद्गार निघाले. आपलेच शब्द दुसऱ्याच्या मुखांतून ऐकत गांधीजी तेथेंच बसले होते, आणि त्या दिवशीं आपणांस अत्यंत आनंद झाला, असें त्यांनीं लिहिलें आहे.