‘किती देते?’

आमच्या सिहोऱ्यात कुणी नवी गाडी आणली की नारळाच्या आधी प्रश्न फुटतो, ‘किती देते?’ किती म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर, हे सांगावं लागत नाही. दुसरा प्रश्न जरा हळू आवाजात येतो, ‘अन् बंद पडली तं?’ डिझेलवर चालणाऱ्या आणि आठ-दहा माणसं बसवणाऱ्या गाड्यांचं आमच्या भागातलं नशीब या दोन प्रश्नांवर ठरत आलं आहे. कंपन्यांचा इतिहास त्यांच्या अहवालांत असतो. पण कोणती गाडी गावात टिकली आणि कोणती दोन पावसाळ्यांत विकली गेली, हा इतिहास चहाच्या टपरीवर मालकांच्या तोंडी असतो. मी कवी माणूस, बी.ए. झालेला; इंजिनाचं शास्त्र शिकलेला नाही. पण ही बोलणी आयुष्यभर ऐकत आलो आहे, आणि श्रोतेहो, आज त्यांच्याच आधारानं बोलणार आहे.

सिहोरा तुमसर तालुक्यात, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेलं. गावाला रेल्वे नाही, त्यासाठी तुमसर गाठायचं. पुढे बपेऱ्याला नदी ओलांडली की मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. मोठा दवाखाना हवा तर भंडारा, नाही तर थेट नागपूर. एसटी येते, पण बाळंतपण आणि साप एसटीचं वेळापत्रक पाहून येत नाहीत. म्हणून ज्याच्या दारात गाडी, त्याची गाडी अर्ध्या गावाची.

गाडी म्हणजे आमच्याकडे आधी जीपच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेनं वापरलेली विलिस जीप भारतात जोडायला घेतली ती मुंबईतल्या एका कंपनीनं. त्या कंपनीचं 1945 मधलं मूळ नाव आज फारसं कुणाला आठवत नाही. ते होतं ‘महिंद्र अँड मोहम्मद’. दोघे महिंद्र बंधू आणि तिसरे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. 1948 मध्ये इकडच्या पाटीवर ‘महिंद्र अँड महिंद्र’ आलं. एका पाटीवरचं एक नाव बदललं, एवढीच ही गोष्ट. पण माझ्या नावाच्या माणसाला ती वाचताना क्षणभर थांबावंसं वाटतं.

ती जीप पेट्रोलवर चालायची. 1973 मध्ये जगभर तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोलची जीप शेतकऱ्याला परवडेनाशी झाली. तेव्हा ठिकठिकाणच्या मिस्त्रींनी जीपचं पेट्रोल इंजिन उतरवून तिथे ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवायला सुरुवात केली. कंपनीनंही तोच रस्ता धरला. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्यानं देशात ट्रॅक्टर बनतच होते, त्यांच्या घराण्याचं इंजिन जीपमध्ये आलं. आवाज ट्रॅक्टरचा आणि हादरे तर असे की मागे बसलेल्या म्हाताऱ्याचे दात वाजावेत. पण देत होती! आणि जो मिस्त्री ट्रॅक्टर खोलत होता तोच ही जीपही खोलत होता. आमच्या भागात डिझेल गाडी रुजली ती इथे, असं माझं मत आहे. गाडी गावात यायच्या आधी तिची दुरुस्ती गावात आलेली होती.

1979 मध्ये महिंद्रनं फ्रान्सच्या प्युजो कंपनीशी डिझेल इंजिनाचा करार केला. इकडे पुण्याच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर होतीच. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांची ट्रॅक्स आली, तिच्यात मूळ मर्सिडीजच्या घडणीचं इंजिन. फ्रेंच आणि जर्मन इंजिनं तुमसरच्या रस्त्यावर धानाची पोती आणि नवरदेव वाहू लागली. मग टपरीवर दोन पक्ष पडले. काही इंजिनांत डिझेल आधी एका छोट्या कोठडीत पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं. ती मऊ चालतात, पण थंडीत हीटर लावल्याशिवाय उठत नाहीत आणि थोडं जास्त पितात. दुसऱ्या जातीत डिझेल थेट सिलिंडरमध्ये पडतं. ती कर्कश, पण काटकसरी आणि पौषातल्या पहाटेही सेल्फला लगेच उठणारी. पहिल्या पक्षाचे लोक म्हणत, ‘बसनाऱ्याले सुख पाहिजे.’ दुसरे म्हणत, ‘बसनारा एक दिवस बसते, डिझल आमाले रोज टाका लागते.’ घरच्यासाठी गाडी घेणारा पहिल्या पक्षाचा, भाड्यानं चालवणारा दुसऱ्या. आमच्याकडे बहुतेक जण दोन्ही होते, त्यामुळे हा वाद कधी मिटला नाही.

भाड्याची गोष्ट निघालीच तर काळी-पिवळीबद्दल बोललं पाहिजे. टप्प्याटप्प्यानं प्रवासी घेण्याचा अधिकार एसटीचा. कागदावर जीपवाल्यानं पूर्ण गाडी भाड्यानं द्यायची. प्रत्यक्षात माणूस मिळेल तसा बसवायचा. सरकारी भाषेत ही ‘अवैध प्रवासी वाहतूक’. रोवणीला जाणाऱ्या बायांच्या भाषेत ‘आमची गाडी’. नऊ जणांच्या जागी सोळा-सतरा, दोघं मागे लटकलेले. त्यात जीव गेले आहेत, हे मी विसरत नाही. पण 2021 च्या ऑक्टोबरपासून पुढे काही महिने एसटीचा संप चालला, तेव्हा परीक्षेची पोरं आणि दवाखान्याचे रोगी याच गाड्यांनी नेले, हेही विसरता येत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. बंद पडली तर?

जुन्या डिझेल इंजिनाला चालताना वीज लागत नसे. पेट्रोलला ठिणगी लागते. डिझेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेनंच पेटतं, आणि पंप इंजिनावरच फिरतो. कित्येक गाड्यांत चावी फिरवली तरी इंजिन थांबायचं नाही, डॅशबोर्डखालची दांडी ओढून डिझेल तोडावं लागे. याचा अर्थ मला माझ्या मामूंनी शिकवला. नागपूरला ताजबागेहून उरूस करून आम्ही बारा जण परत येत होतो. मौद्याच्या अलीकडे डायनामो गेला, बॅटरी उतरत गेली, दिवे पिवळे झाले, मग विझले. इंजिन मात्र धडधडत होतं. मामूंनी एका एसटीच्या मागच्या लाल दिव्यांना धरून भंडाऱ्यापर्यंत गाडी आणली. कुणालाही सांगणार नाही असं करा म्हणून. पण त्या रात्री मागच्या बाकावर माझी आजी होती, तिला दम लागला होता आणि थांबणं शक्य नव्हतं.

टपरीवरचं दुरुस्तीशास्त्र असंच सोपं आणि बारीक. टाकी कोरडी पडली, मग डिझेल भरलं, तरी उठत नाही? तिनं हवा धरली. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि हातपंप दाबत राहायचं. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. थांबून आवळाल तर हवा पुन्हा आत. दुसरं शास्त्र धुराचं. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, आधी एअर फिल्टर बघा. धान चुरण्याच्या दिवसांत तणसाची धूळ त्यात भरतेच. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा गेल्या, हाफ इंजिनाचा खर्च काढून ठेवा. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला निघाला तर चिंता नाही; पण इंजिन तापल्यावरही निघत राहिला आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होत असेल, तर हेड गॅस्केट. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका. गार होऊ द्या, मग जाडं पोतं धरून हळू फिरवा. आणि विहिरीचं जड पाणी ओतत राहाल तर चहाच्या किटलीसारखा थर आत बसणार.

या भाषेचं मला, कवी म्हणून, फार आकर्षण राहिलं आहे. गाडी खोकते, दम टाकते, पाणी पिते, हवा धरते. मिस्त्री यंत्राबद्दल बोलतोय की मावशीबद्दल, हे दुरून ऐकणाऱ्याला कळू नये.

पण या शास्त्रात पळवाटाही होत्या, आणि त्या महाग पडल्या. रेशनचं निळं रॉकेल स्वस्त, म्हणून ते डिझेलमध्ये मिसळणारे होते. डिझेल हे नुसतं इंधन नाही. पंपाच्या आतल्या बारीक भागांना वंगण तेच पुरवतं. रॉकेल कोरडं, पंप झिजतो. बंगळुरूच्या मायको कंपनीचे पंप आणि नोझल इतके घरोघरी पोचले होते की दुरुस्तीवाल्यालाच लोक ‘मायकोवाला’ म्हणत. अशा दुकानात पंप खोलून पडला की लिटरमागे वाचवलेले चार रुपये कुठे गेले ते कळे.

1994 मध्ये टाटांची सुमो आली. नाव जपानी पहिलवानावरून नाही, सुमंत मूळगावकरांच्या नावातल्या ‘सु’ आणि ‘मू’वरून. मूळगावकर ढाब्यावर ट्रकवाल्यांबरोबर जेवून गाड्यांच्या तक्रारी ऐकत, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. घडली असो वा नसो, आपलं गाऱ्हाणं साहेबानं जेवताना ऐकावं ही मालकाची इच्छा तिच्यात आहे. 2000 मध्ये टोयोटाची क्वालिस आली, तिच्याबद्दल तक्रार ऐकायला मिळाली नाही; 2005 मध्ये ती बंद झाली, तेव्हा मालकांनी सुतक पाळल्यासारखी तोंडं केली होती. त्याच वर्षी, 2000 मध्ये, बोलेरोही आली आणि आजही विकली जाते. सुमो 2019 मध्ये थांबली.

मग काळ फिरला. डिझेल स्वस्त ठेवणं हा सरकारचा निर्णय होता. ऑक्टोबर 2014 मध्ये दर बाजारावर सोडले गेले आणि पेट्रोलशी असलेलं अंतर आक्रसलं. इंजिनंही बदलली. नव्या इंजिनात डिझेल हजार बारहून जास्त दाबानं शिंपडलं जातं, कधी आणि किती हे संगणक ठरवतो. 1 एप्रिल 2020 पासून ‘बीएस-6’ आलं आणि बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळीची गाळणी बसली. ही काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. सिहोरा ते शेत आणि शेत ते सिहोरा एवढंच चालणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते. काही गाड्यांना वेगळ्या टाकीत युरियाचं द्रावण लागतं. इथे हात जोडून सांगतो, ते खताच्या गोणीतलं नव्हे! साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया आणि क्षारमुक्त पाणी, तेवढंच. आमच्या शेजाऱ्याची नवी गाडी गेल्या रोवणीत तुमसरच्या रस्त्यावर दिवा दाखवून मंदावली. इंजिन चालू, पण वेग घेईना. बोनेट उघडून चौघं आत बघत उभे राहिले. हवा काढायला स्क्रू नाही, धूर नाही, की वाचायला काही नाही. गाडीत ताप आलेलं लेकरू होतं; ते शेवटी मागून आलेल्या जुन्या काळी-पिवळीत गेलं.

तरीही जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2012 मध्ये डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो, असं जाहीर केलं. तो काळा धूर मागच्या बाकावरच्या पोरांनी आणि बसस्थानकावरच्या चहावाल्यानं वर्षानुवर्षं ओढला. गाळणी हवीच. माझी तक्रार दुसरी आहे. धूर कमी करताना दुरुस्तीची चावी मालकाच्या आणि गावच्या मिस्त्रीच्या हातातून काढून घेतली, ती का? दोषाचा अर्थ सांगणारी माहिती फक्त कंपनीच्या दुकानातच का असावी? शहरात हा गैरसोयीचा प्रश्न आहे, बपेऱ्याच्या रस्त्यावर रात्री तो लेकराच्या तापाचा आहे. आणि जुनी गाडी ठेवावी तर 15 वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपये झालं.

मिस्त्री लोक मात्र गप्प बसलेले नाहीत. आमच्याकडच्या एका जुन्या मिस्त्रीच्या पोरानं आता आगपेटीएवढं यंत्र घेतलं आहे. स्टिअरिंगखालच्या जागेत ते खोचतो आणि मोबाइलवर दोषाचे आकडे वाचतो. प्रत्येक आकडा आणि त्यावर केलेला उपाय तो शाळेच्या वहीत लिहून ठेवतो, तारखेसह. गाडी आली की बाप अजून आधी मागे जाऊन धुराड्याला बोट लावून काजळी बघतो, मग पोराला विचारतो, ‘तुहा मोबाइल का म्हनते?’