रुपयामागे एक आणा, डॉलरमागे पाच सेंट



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आजोबांच्या बोलण्यात एक शब्द हमखास यायचा: ‘फंड’. मुलीचं लग्न, गावाकडचं घर, म्हातारपणाची औषधं, सगळी भिस्त फंडावर. आज या फंडाच्या सिंगापुरातल्या भावंडाची गोष्ट ऐकू या.

दुसऱ्या महायुद्धानंतर सिंगापुरात पुन्हा ब्रिटिशांचा अंमल सुरू झाला. सरकारी सेवेतल्या कायम नोकरांना पेन्शन होती. काही मोठ्या कंपन्यांनी आपापले फंड काढले होते. बाकी दुकानात, कारखान्यात, गोदामात राबणाऱ्या बहुतेकांना हातपाय थकले की मुलांच्या तोंडाकडे बघावं लागे.

सगळ्यांना पेन्शन द्यायची तर भार तिजोरीवर येणार. फंड काढला तर पैसा कामगार आणि मालक यांच्याच खिशातून येणार. सरकारनं फंडाची वाट धरली. १९५३ मध्ये कायदा झाला आणि १ जुलै १९५५ पासून सेंट्रल प्रॉव्हिडंट फंड, म्हणजे सीपीएफ, सुरू झाला. कामगाराचे पाच टक्के, मालकाचे पाच टक्के. डॉलरमागे पाच-पाच सेंट!

भारतात हे थोडं आधी घडलं होतं. नोव्हेंबर १९५१ मध्ये वटहुकूम निघाला, १९५२ मध्ये कायदा झाला. वर्गणी सव्वासहा टक्के, म्हणजे बरोबर रुपयामागे एक आणा. सुरुवातीला फक्त सहा उद्योग त्यात होते. त्यात कापडउद्योग होता, म्हणून आपला गिरणी कामगार पहिल्याच फळीत आला. पण ५० पेक्षा कमी माणसांचे कारखाने बाहेर राहिले. १९६० च्या अखेरीस ही मर्यादा २० वर आली.

फंडाची गोष्ट दोन्हीकडे अशीच आहे. दार उघडतं, पण सगळ्यांसाठी एकदम नाही.

सिंगापुरात १९६८ पासून सीपीएफच्या पैशांतून सरकारी फ्लॅट घेता येऊ लागला. ५५ व्या वर्षी सगळी रक्कम हातात आली आणि संपली तर पुढे काय, म्हणून १९८७ मध्ये काही रक्कम मागे ठेवण्याचा नियम आला. २००९ मध्ये सीपीएफ लाइफ आली, हयातभर दरमहा पैसे देणारी. आज ५५ वर्षांपर्यंतच्या कामगाराचे २० आणि मालकाचे १७ टक्के जमा होतात.

आणि घरपोच जेवण आणणारा, टॅक्सी ॲपवर गाडी चालवणारा? तो कुणाचाच ‘नोकर’ नव्हता, म्हणून बाहेर होता. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्यासाठी नवा कायदा लागू झाला. १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो बंधनकारक आहे, आधीच्यांना ऐच्छिक. पहिल्या दिवसापासून इथपर्यंत यायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली.

मंडळी, हा फंड सिंगापूरचे नागरिक आणि पी.आर. यांच्यासाठी आहे. एम्प्लॉयमेंट पासवर आलेल्यांच्या पगारातून काहीच कापलं जात नाही, त्यामुळे हातात जास्त पडतं आणि म्हातारपणाची तजवीज राहून जाते. त्यांच्यासाठी २००१ पासून एसआरएस ही ऐच्छिक योजना आहे. पण ऐच्छिक म्हणजे आपणहून उठून करायची गोष्ट.

आणि परदेशातून येऊन आपल्या घरी स्वयंपाक करणाऱ्या, मुलं सांभाळणाऱ्या ताई? त्याही सीपीएफबाहेरच आहेत. तिथे मालक आपणच आहोत. रुपयामागचा एक आणा तेव्हा कुणीतरी आपल्या आजोबांसाठी भरला होता, एवढं लक्षात ठेवू या.