सहावी, म्हणजे मधलं वर्ष

जून 1990. गाव गास, तालुका वसई, जिल्हा ठाणे. पालघर जिल्हा व्हायला अजून 24 वर्षं आहेत, महापालिका यायला 19. वाटेच्या दोन्ही बाजूंना केळी, मध्येच पानवेल, मध्येच विहीर. पाण्यावरून वातावरण तापलेलं आहे. टँकरवाले विहिरी उपसून नेतात म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती रस्त्यावर उतरली आहे, आणि ओट्यावरची मोठी माणसं त्यावरच बोलताहेत. तुमच्याकडे कुणी बघत नाही. बरंच आहे.

तुम्ही इथे आलात, कारण तुमचा मुलगा यंदा सहावीत गेलाय आणि पंधरवड्यात त्याने घरात बोलणं जवळजवळ बंद केलंय. स्वतःची सहावी कशी होती, ते तुम्हाला आठवत नाही. म्हणून बघायला आलात.

तो बघा, संत गोन्सालो गार्सिया चर्चच्या बाजूने येतोय तो. खाकी हाफपँट मांडीला घट्ट आणि गुडघ्याच्या चार बोटं वर चढलेली. एप्रिलमध्ये ती नीट बसत होती. दप्तर एका खांद्यावर, कारण दोन्ही खांद्यांवर घेणारे पाचवीतले. दारात तुमची आई उभी आहे, आज तुमचं जे वय आहे त्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. ती घरच्या बोलीत, कादोडीत, विचारते, शाळेत काय झालं.

‘काही नाही.’

कानाला खटकलं ना? शब्द दोनच, पण ते शाळेतल्या मराठीतले. आईने एक क्षण त्याच्याकडे बघितलं आणि ती चुलीकडे वळली. हे तेव्हा तुम्हाला दिसलं नव्हतं, कारण तेव्हा तुमची पाठ होती.

मास्तरांना विचारलंत तर ते म्हणतील, सहावीत काय आहे? चौथीला स्कॉलरशिप झाली, पुढची सातवीला. इंग्रजी पाचवीत सुरू झालं, आता एबीसीडीची नवलाई संपून स्पेलिंगांचा कंटाळा आलाय. मधलं वर्ष आहे, जाऊ द्या. तुमच्या मुलाचे शिक्षकही हेच म्हणाले होते. 2016-17 मध्ये स्कॉलरशिप पाचवी-आठवीला गेली, तरी सहावी राहिली मधलीच. (नाही म्हणायला होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावीला असते, आणि शेजारच्या मुलाने तिचा क्लास लावल्याचं तुमच्या कानावर आलेलं आहेच.) परीक्षेचं वर्ष असलं की घर मुलाकडे डोळे लावून बसतं. सहावीत कुणी बघत नाही, आणि उंची, आवाज, मित्र, लाज, सगळं नेमकं तेव्हाच बदलायला लागतं.

आता थोडं पुढे सरका. त्याच वर्षाचा नोव्हेंबर, पहाटेचे पावणेपाच. अंगणामागच्या वाडीत कागड्याच्या ओळी. सकाळच्या गाडीने फुलं दादरच्या बाजाराला जायची आहेत, म्हणून सगळं घर कळ्या खुडतंय. एका ओळीत आई, शेजारच्या ओळीत तो. बॅटरी मधल्या पाटावर ठेवलेली, तिचा उजेड झाडांच्या बुंध्यापुरता. कळी देठाजवळ नखाने तोडायची, मुठीत मावतील तेवढ्या जमल्या की कमरेच्या झोळीत. दव पडलेलं, बोटं गारठून लाल. दोघांची तोंडं खाली.

आई काही विचारत नाही. कागडा खुडताना बोलायचं तर हातांबरोबर, थांबून नाही. ओळ अर्धी झाल्यावर तो आपणहून म्हणतो, वर्गात फळ्यापाशी उत्तर देताना घरचा शब्द तोंडून गेला, सगळे हसले. आई खुडत राहते. मग म्हणते, मीही पहिल्यांदा दवाखान्यात गेले तेव्हा असंच झालं होतं, नर्स हसली. ‘मग?’ ‘मग काय, औषध दिलं तिने.’ तो हसतो. कादोडीत हसतो, असं म्हणता आलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात.

तुम्ही पाटाशी उभे आहात. इथून पलीकडे भुईगाव. 1956 साली तिथे अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आठव्याचा सोपाऱ्यात, भगवानलाल इंद्रजींना, 1882 मध्ये. दगडावर कोरलेली ती भाषाही संस्कृत नव्हे, प्राकृत. तुमच्या मुलाच्या सहावीच्या इतिहासात मौर्यांचा धडा आहे. परवा तुम्ही त्याला तो पाठ करायला सांगितलात. पुस्तक पुढ्यात, तुम्ही समोरच्या खुर्चीत, नजर त्याच्या तोंडावर. भुईगाव घरापासून किती जवळ आहे, ते सांगायचं राहून गेलं.

बाबा करंडी उचलायला हाक मारतात. आई झोळी रिकामी करते. तो अजून ओळीच्या टोकाला आहे, काहीतरी सांगतोय, हात चाललेलेच, आणि त्याने सहा-सात कळ्या न खुडताच मागे सोडल्यात. आई त्या खुडत त्याच्या मागून येतेय.